हात जोडला, बोटे मात्र वळत नाहीत

मकरसंक्रांतीच्या आगेमागे नागपूरच्या आकाशात पतंगांची गर्दी झाली की शहरातील रुग्णालयांच्या अपघात विभागांत बोटे कापलेल्या माणसांची ये-जा सुरू होते. नायलॉनच्या मांजाने झालेली जखम वरून पाहता लहान दिसते. रक्त थांबले, चार टाके पडले, की जखमी माणूस आणि त्याचे नातेवाईक निर्धास्त होतात. आणि आठवड्याभराने टाके काढताना लक्षात येते की बोट वळतच नाही. कातडीखालची कंडरा, म्हणजे स्नायूला बोटाशी जोडणारी दोरी, त्याच वेळी तुटलेली असते. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तरी मांजा विकला जातो. या विषयावर दरवर्षी लिहिले जाते आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. परंतु शस्त्रक्रिया होऊन गेल्यानंतर त्या हाताचे, आणि त्या हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाचे काय होते, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

पतंगाचा मोसम सरला तरी हात जखमी व्हावयाचे थांबत नाहीत. हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत प्रेसखाली बोटे सापडतात. सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रात पंजा ओढला जातो; या यंत्रांनी देशभर इतके हात घेतले की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. रस्त्यांवरील अपघातांचे तर बोलावयासच नको. यांपैकी पुष्कळांवर आता शस्त्रक्रिया होते, आणि ती चांगलीही होते. पन्नास वर्षांपूर्वी जो हात कापूनच टाकावा लागला असता तो आज जोडला जातो, ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. मुंबईचे हस्तशल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी तारा आणि सळ्या यांच्या साहाय्याने हाडे व सांधे बाहेरून स्थिर ठेवण्याची जी साधी, स्वस्त पद्धत विकसित केली आणि जी ‘जेस’ या नावाने ओळखली जाते, ती तर या देशाच्या खिशाला परवडावी अशाच विचाराची आहे.

पण हात हा अवयव इतर अवयवांसारखा नाही. आंत्रपुच्छ काढले की रोग्याचे काम संपते आणि निसर्गाचे सुरू होते. हाताच्या बाबतीत मात्र शस्त्रक्रियागृहातून बाहेर आल्यावरच रोग्याचे खरे काम सुरू होते. तुटलेली कंडरा शिवली की तिच्या भोवती वण धरतो. बोट हलविले नाही तर हा वण कंडरेला आजूबाजूच्या भागाशी चिकटवून टाकतो आणि शिवण शाबूत असूनही बोट आखडते. ते जोराने हलवावे, तर शिवणच उसवते. तळहाताच्या मध्यापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा भाग या दृष्टीने इतका अवघड, की अमेरिकन शल्यचिकित्सक स्टर्लिंग बनेल यांनी त्याला युद्धभूमीवरील दोन सैन्यांमधल्या कोणाच्याच नसलेल्या पट्ट्याचे नाव दिले होते. तेथे कंडरा शिवूच नये असे शस्त्रवैद्य कित्येक वर्षे मानीत. १९६० च्या दशकात हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी बोटाच्या नखाला रबराचा पट्टा बांधून, शिवण सांभाळून, पहिल्या दिवसांपासूनच बोट हलविण्याची पद्धत रूढ केली तेव्हा हा समज मागे पडला. म्हणजे त्या प्रगतीत सुईदोऱ्याचा वाटा होता तितकाच व्यायामाचाही होता.

या व्यायामाचे वेळापत्रक कडक असते. शिवलेली कंडरा सर्वांत दुबळी असते ती साधारण दुसऱ्या आठवड्यात. चार ते सहा आठवडे हात पट्टीच्या आधाराने ठेवावा लागतो आणि रोज ठरलेल्या मर्यादेत बोटे हलवावी लागतात. जोर लावण्याचे व्यायाम आठव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात. ओझे उचलण्याची मुभा बारा आठवड्यांनंतर. मज्जातंतू तुटला असेल तर हिशेब महिन्यांचा होतो. नवा तंतू दिवसाला अंदाजे एक मिलिमीटर या गतीने वाढतो, म्हणजे मनगटाशी तुटलेल्या तंतूची संवेदना बोटाच्या टोकापर्यंत पोहोचण्यास सहा महिने सहज लागतात. या काळात दर आठवड्याला कोणीतरी जाणकाराने तो हात पाहणे, पट्टी बदलणे, व्यायामाची मात्रा वाढविणे आवश्यक असते. ते घरच्या घरी, शेजाऱ्याच्या सल्ल्याने आणि तेल चोळून होत नाही. उलट मालिशवाल्याने केलेल्या ओढाताणीने उसवलेली बोटे घेऊन पुन्हा शस्त्रक्रियेस येणारे रोगी हस्तशल्यविशारदांना नवे नाहीत.

आता हे वेळापत्रक सरकारी योजनेच्या वेळापत्रकाशेजारी मांडून पाहावे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढील वर्षी राज्यभर गेली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०२३ च्या निर्णयाने ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून सर्व कुटुंबांसाठी खुली करण्यात आली आणि संरक्षणाची मर्यादा वर्षाला पाच लाख रुपयांवर नेण्यात आली. अस्थिव्यंग, प्लॅस्टिक सर्जरी, बहुविध आघात या विभागांतील शस्त्रक्रिया तीत येतात. गरिबाला शस्त्रक्रियेसाठी दागिने गहाण ठेवावे लागू नयेत हा या योजनेचा हेतू पुष्कळ अंशी साध्य झाला आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरच्या तपासण्या आणि औषधे यांची जबाबदारी ही योजना घेते ती १० दिवस. केंद्राच्या योजनेत हा काळ १५ दिवसांचा आहे. काही निवडक आजारांसाठी पाठपुराव्याची स्वतंत्र पॅकेजे आहेत, पण आखडलेला हात हा त्यातला ठळक आजार नव्हे. ज्या सुमारास शिवलेली कंडरा सर्वांत दुबळी असते, त्याच सुमारास योजना रोग्याचा निरोप घेते. नियम करणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असे कोणी म्हणणार नाही. पॅकेजची कल्पनाच मुळी खाटेवर पडलेल्या रोग्याच्या हिशेबाने बेतलेली आहे. खाट रिकामी झाली की खर्चाचे खातेही मिटते.

त्यानंतरचा खर्च किती? काटोल किंवा उमरेड तालुक्यातील एका शेतमजुराचे उदाहरण घेऊ. समजा त्याला आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा नागपूरला यावयाचे आहे. म्हणजे सोळा खेपा. हात बांधलेला असल्याने बरोबर माणूस लागतो. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे २०० रुपये आणि सोबत्याची बुडालेली मजुरी ४०० रुपये धरली तर एका खेपेचे ६०० आणि सोळा खेपांचे ९,६०० रुपये होतात. सरकारी रुग्णालयात उपचार जवळजवळ फुकट असूनही हा खर्च चुकत नाही. त्यात रोग्याची स्वतःची बुडालेली मजुरी धरलेली नाही. तीन महिन्यांत महिन्याला वीस दिवस काम गृहीत धरले तरी ती २४,००० रुपये होते. अशा माणसाने तिसऱ्या खेपेनंतर येणे सोडले तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही. आजचा रोख खर्च आणि पुढच्या वर्षीचे न दिसणारे उत्पन्न यांच्यात त्याने केलेली ती निवड आहे, आणि ज्याच्या घरात आज पीठ नाही तो आजचाच विचार करणार. दवाखान्याच्या कागदावर मात्र शेरा पडतो : रोगी पाठपुराव्यास आला नाही.

शाळेतील शिक्षक अथवा कचेरीतील कारकून पाय घसरून पडला आणि मनगटाचे हाड मोडले, तर त्याची स्थिती वेगळी असते. त्याच्या खात्यावर अर्धवेतनी रजा असते, ती परिवर्तित करून घेता येते, कामावर असताना इजा झाली असेल तर विशेष विकलांगता रजेची तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा नियमांत आहे. सहा आठवड्यांचे प्लॅस्टर आणि त्यानंतरचे व्यायाम तो पगार चालू असताना पुरे करू शकतो. हेच हाड, हाच मोड, हाच शस्त्रवैद्य. पण एकाचा हात पूर्ववत होतो आणि दुसऱ्याचा आखडतो. हा फरक शरीरशास्त्राचा नसून रजेच्या नियमांचा आहे.

कामगारांच्या संरक्षणाच्या बाबतीत नागपूरचा इतिहास अभिमानास्पद आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू केलेल्या एम्प्रेस मिलने १८९५ साली अपघातग्रस्त कामगारांना भरपाई देण्याची योजना आखली, त्यानंतर २८ वर्षांनी, १९२३ साली, तसा कायदा झाला. राज्य कामगार विमा योजना महाराष्ट्रात मुंबईच्याही आधी, १९५४ साली, नागपुरात आली. मिल २००२ साली बंद पडली. विमा योजना चालू आहे आणि प्रस्तुत विषयापुरते बोलावयाचे तर तिची रचना इतर कोणत्याही योजनेहून शहाणपणाची आहे. कामावर इजा झालेल्या विमेदाराला असमर्थतेच्या काळात वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि ती असमर्थता संपेपर्यंत मिळते. दहाव्या दिवशी थांबत नाही. म्हणजे हाताला लागणारा वेळ ही योजना हाताला देते. अडचण आहे ती तिच्या कुंपणाची. शेतमजूर, नाक्यावरचा मिस्त्री, रसवंतीच्या चरकावर बोटे गमावणारा पोऱ्या हे सगळे त्या कुंपणाबाहेर आहेत.

१९२३ च्या कायद्याची गोष्ट निराळी. त्याच्या पहिल्या अनुसूचीत शरीराचा एक दरफलकच दिलेला होता. अंगठा गेल्यास कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असे समजावे, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के, संपूर्ण पंजा गेल्यास ६० टक्के, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, करंगळीला ७. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पण इजांची यादी करून टक्के लावण्याचा साचा तोच आहे. या साच्यात गेलेल्या बोटाला किंमत आहे. जाग्यावर असलेल्या परंतु वळत नसलेल्या बोटाचे काय, हे डॉक्टरांच्या दाखल्यावर आणि मग वकिलांच्या वादावर सोपविलेले असते. विचित्र वाटेल, पण चार ताठ बोटांचा पंजा घेऊन फिरणाऱ्या कामगारापेक्षा बोटे तुटलेल्या कामगाराचा दावा सोपा ठरतो.

न्यायालयांची दृष्टी या बाबतीत कायद्याच्या तक्त्यापेक्षा अधिक व्यवहारी राहिली आहे. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या प्रकरणात एका सुताराचा डावा हात कामावरील अपघातानंतर कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे ते अंशतः अपंगत्व ठरले असते. परंतु सुतारकाम एका हाताने होत नाही, सबब त्याची कमावण्याची शक्ती पूर्णच गेली, हे आयुक्तांचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले. हा निकाल १९७५ च्या अखेरीचा. पुढे २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या वाहन अपघाताच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हे सूत्र आणखी स्पष्ट केले : अवयवाची हानी किती टक्के, हे एक, आणि त्या माणसाच्या उपजीविकेची हानी किती टक्के, हे दुसरे. डावा हात गेलेला चालक किंवा सुतार पूर्ण निकामी ठरतो. तोच हात गेलेला कारकून आपल्या नोकरीत टिकू शकतो. अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे तत्त्व पटेल. दुर्दैव इतकेच की ते वापरले जाते अपघातानंतर काही वर्षांनी, भरपाईची रक्कम ठरविण्यासाठी. पहिल्या तीन महिन्यांत, हात अजून सुधारू शकतो तेव्हा, कोणी ते वापरीत नाही.

शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. २०२३ पासून ती विमा कंपन्यांच्या मार्फत न राबविता थेट सानुग्रह अनुदान म्हणून दिली जाते. ही सुधारणा योग्यच झाली. मृत्यू आल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख, एक अवयव निकामी झाल्यास एक लाख. येथेही तोच साचा दिसतो. अवयव एक तर आहे किंवा नाही. अर्धा चालणारा हात, जो उपचाराने पाऊण चालू शकला असता, त्याला या हिशेबात जागा नाही. सरकार एक लाख रुपये हात गेल्यावर देण्यास तयार आहे. तो वाचविण्यासाठी दहा हजार द्यावेत अशी तरतूद मात्र सापडत नाही.

अशी तरतूद अशक्य आहे का? विदर्भाने तरी असे म्हणू नये. शस्त्रक्रिया झालेल्या हाताला कामाला लावण्याचा जेवढा अनुभव या प्रदेशाजवळ आहे तेवढा देशात फार थोड्या ठिकाणी असेल, आणि तो कुष्ठरोगाच्या कार्यातून आला आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला सुरू केलेले कुष्ठधाम आणि बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभे केलेले आनंदवन या दोन्ही ठिकाणी बोटे झडलेल्या, आखडलेल्या हातांनी शेती केली, माग चालविले. वैद्यकीय बाजूने याच सुमारास, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी एका निरोगी स्नायूची कंडरा दुसरीकडे वळवून आत मुडपलेली बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया हाती घेतल्या. ब्रँड यांना लवकरच एक कटू सत्य उमगले. बोटे सरळ झालेले काही रोगी परत येऊन तक्रार करीत की आता भीकही मिळत नाही आणि काम येत नाही. शस्त्रक्रियेने त्यांचे जुने उत्पन्न काढून घेतले होते आणि नवे दिले नव्हते. त्यानंतर ब्रँड यांनी १९५१ साली रोग्यांना हस्तव्यवसाय शिकविणारे नवजीवन केंद्र सुरू केले. त्या शस्त्रक्रियेत आधी काही आठवडे स्नायूचे शिक्षण, नंतर तीन-चार आठवडे प्लॅस्टर, आणि त्यानंतर पुन्हा महिनाभर नव्या हालचालीचे शिक्षण, असा क्रम असतो; कारण जो स्नायू पूर्वी एक काम करीत होता त्याला मेंदूने आता दुसरे काम सांगावयाचे असते.

येथे शासकीय धोरणाचीही एक गोष्ट नमूद करावी लागेल. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात अशी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रोग्याला बुडालेल्या मजुरीपोटी रोख रक्कम दिली जाते. ती कित्येक वर्षे ८,००० रुपये होती, आता १२,००० रुपये आहे. म्हणजे हात बरा होण्यास वेळ लागतो आणि त्या वेळेची किंमत गरीब माणसाला कोणीतरी चुकती केली पाहिजे, हे तत्त्व भारत सरकारला मान्य आहे. ते कुष्ठरोग्याच्या हाताला लागू आहे आणि मळणीयंत्रात सापडलेल्या हाताला नाही, याचे तर्कशुद्ध कारण देता येणे कठीण आहे. वर काढलेला नऊ हजार सहाशेचा हिशेब या बारा हजारांत बसतो, हेही ध्यानात घ्यावे.

माणसांचीही अगदीच वाण नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भारतातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले, आणि या विषयाच्या देशातील सर्वांत जुन्या विद्यालयांपैकी एक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे. व्यवसायोपचार या शब्दाचा अर्थ सामान्यतः लोकांना ठाऊक नसतो. हात किती अंशांत वळतो यापेक्षा त्या हाताने सदऱ्याचे बटण लावता येते का, विळा धरता येतो का, फळ्यावर लिहिता येते का, हे पाहणारे आणि तेवढ्यासाठी हाताला घडविणारे ते शास्त्र आहे. या विद्यालयांतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. तथापि ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत त्यांच्यासाठी पदे फार थोडी असल्याने त्यातले पुष्कळसे मुंबई-पुण्यास अथवा परदेशी जातात, आणि काटोलचा रोगी नागपूरच्या खेपा घालीत राहतो. ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयापासून खालच्या पातळीपर्यंत भौतिकोपचार व पुनर्वसन कर्मचारी असावेत असे ठरलेले आहे. गुडघेदुखीच्या वृद्धांसाठी बसलेला तो माणूस आठवड्यातून दोन दिवस हातांचे रोगी पाहू शकेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि बहुतेक व्यायामांना यंत्रही लागत नाही. स्पंजचा चेंडू, रबराचे पट्टे, मेण आणि गरम पाणी एवढ्यावर पुष्कळ काम होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पाठपुराव्याचे पैसे पॅकेजमध्ये घातले तर रुग्णालये न झालेल्या भेटींची बिले लावतील, असे म्हटले जाते. तशी भीती आहेच. विमा योजनांचा आजवरचा अनुभव पाहता ती नाकारणे भाबडेपणाचे होईल. परंतु हाताच्या बाबतीत एक सोय आहे. शस्त्रक्रियेनंतर बोट किती अंशांत वळते आणि मूठ किती दाबते, हे दोन्ही साध्या साधनांनी मोजता येते आणि आकड्यांत लिहिता येते. रुग्णालयाला देय असलेल्या रकमेचा काही भाग राखून ठेवून तो बाराव्या आठवड्याची मोजणी दाखल झाल्यावर दिला, आणि ती मोजणी शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाऐवजी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात करविली, तर खोट्या बिलाला वाव कमी राहतो. शिवाय आपण शिवलेले हात तीन महिन्यांनी कसे चालतात हे प्रत्येक रुग्णालयाला आपोआप कळू लागेल. आज ते बहुतेकांना कळत नाही.

मालकवर्गाकडून अपेक्षा आणखी माफक आहे. हाताच्या कामगाराला बारा आठवडे पूर्ण घरी बसविणे किंवा सहाव्या आठवड्यात पुन्हा त्याच प्रेसवर उभे करणे, असे दोनच मार्ग बहुतेक लहान कारखान्यांना दिसतात. मधले सहा आठवडे मोजणी, तपासणी, भांडारातील नोंदी असे हलके काम दिले तर हाताचा व्यायामही होतो आणि कामगार आपल्या जागेवरून बेदखलही होत नाही. १९२३ च्या कायद्यात २००९ साली जी दुरुस्ती झाली तिने कामावरील इजेच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकावर टाकला. व्यायामोपचार हा उपचारच आहे. त्याच्या पावत्या सादर करण्याचा आग्रह कामगार संघटनांनी अजून फारसा धरलेला नाही. वाटाघाटीत त्यांचे लक्ष बहुधा भरपाईच्या आकड्यावर असते.

जन आरोग्य योजनेतील उपचारांची यादी आणि दर राज्य आरोग्य हमी सोसायटी आणि सार्वजनिक आरोग्य विभाग ठरवितात. त्यात आजवर अनेकदा फेरफार झालेले आहेत. हात आणि बाहू यांवरील शस्त्रक्रियांपुरता दहा दिवसांचा काळ बारा आठवड्यांचा करणे, त्या काळातील सोळा भेटींचा दर ठरविणे आणि कुष्ठरोग कार्यक्रमाच्या धर्तीवर प्रवास व मजुरीपोटी रोग्याच्या खात्यात थेट रक्कम भरणे, या तीन गोष्टींसाठी विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही. शासन निर्णय पुरतो. नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते ते डिसेंबरात, म्हणजे पतंगाच्या मोसमाच्या थोडेसे आधी. विदर्भातील एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न विचारून शस्त्रक्रिया झालेल्या किती हातांची तीन महिन्यांनी तपासणी झाली एवढाच आकडा मागितला, तरी तो आकडा आजवर कोणी ठेवला होता की नाही हे सभागृहाला कळेल.